एका निर्लेखित जीपची गोष्ट

परभणी जिल्ह्यातल्या मानवत तालुक्यात, एका गावात, गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून ती उभी होती. पुढची दोन्ही चाकं बसलेली, बोनेटवर कडब्याच्या पेंढ्या, ड्रायव्हरच्या सीटच्या जागी सरकीची रिकामी पोती. टपाचं कापड कधीच फाटून गेलं होतं. कमानी तेवढ्या उरल्या होत्या आणि त्यांना कुणीतरी दावी अडकवून ठेवली होती. घरातले थोरले काका लिंबाखाली बाजेवर बसून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "कामून घेता हो ही? भंगारवाला दोनदा येऊन गेला. त्याला दिली नाही हे खरं, पण चालायची नाही ती आता."

मी पुढे वाकून जाळीच्या खाचा मोजल्या. सात. बोनेट उंच, समोरून पाहिलं तर कपाळ मोठं असल्यासारखं. मग मागे जाऊन जमिनीवर आडवा झालो आणि डिफ (डिफरन्शियल) पाहिलं. ते मध्यावर नव्हतं, उजवीकडे सरकलेलं होतं. चेसीच्या पट्टीवरची वाळलेली माती खिळ्याने खरवडली तेव्हा आकडे दिसले. काकांनी घरातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आरसी बुक आणलं. पहिली नोंदणी १९७१ची, एका सरकारी खात्याच्या नावाने. इंधनाच्या रकान्यात पेट्रोल. पुढच्या पानावर १९८६ साली, जाहीर लिलावातून घेतल्यानंतर, काकांच्या वडिलांच्या नावावर झालेली बदली. चेसीवरचा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळला. त्याच दिवशी इसार देऊन आलो.

सरकारी मराठीत अशा गाडीला 'निर्लेखित वाहन' म्हणतात. जडवस्तूंच्या नोंदवहीतून नाव काढून टाकलं की निर्लेखन झालं. मग लिलावाची नोटीस लागते, चार जण बोली बोलतात आणि गाडी कुणाच्या तरी शेतावर जाते. माझे वडील जिंतूरच्या पंचायत समितीत जीपचे ड्रायव्हर होते. साहेब बदलत राहिले; जीप आणि वडील तेच राहिले. त्यांची जीपही अशीच एके दिवशी निर्लेखित होऊन गेली. ती कुणी घेतली आणि तिचं पुढे काय झालं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी जी घेतली ती त्यांची नाही. पण तिच्या बोनेटची कडी उघडताना जो आवाज झाला, तो मी लहानपणी रोज सकाळी ऐकलेला होता.

या गाडीचं मूळ शोधायला गेलं की माणूस १९४०च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पोचतो. युरोपात युद्ध पेटलेलं, आणि अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी, कुठेही शिरणारी गाडी हवी होती. लष्कराने १३५ कंपन्यांना विचारणा केली आणि पहिला नमुना द्यायला ४९ दिवसांची मुदत घातली. ती मुदत पाळली पेनसिल्व्हेनियातल्या बॅंटम या छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने दोन दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या तळावर हजर झाली. मोठं काम मात्र बॅंटमला मिळालं नाही. ते ओहायोतल्या टोलेडो शहरातल्या विलीज-ओव्हरलॅंडला आणि फोर्डला गेलं. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. विलीजचं पारडं जड होण्यामागे तिचं इंजिन हे मोठं कारण होतं. बार्नी रूस या अभियंत्याने घडवलेलं चार सिलेंडरचं, २,१९९ सीसीचं, ६० अश्वशक्तीचं ते इंजिन त्या काळच्या मानाने फार दणकट होतं.

आपल्याकडे ही गाडी आली ती एका भागीदारीतून. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८मध्ये कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. इथे आम्हा परभणीकरांसाठी एक दुवा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. हेच गुलाम मोहम्मद त्याआधी निजामाच्या हैदराबाद संस्थानात अर्थखात्याचे मंत्री होते. म्हणजे परभणी जिल्ह्याचा सारा ज्या तिजोरीत जमा व्हायचा, तिचे ते कारभारी.

१९४७मध्ये विलीजच्या ७५ गाड्या सुट्या भागांच्या रूपात मुंबईत आल्या. १९४९मध्ये माझगावच्या जागेत भारतात जोडलेली पहिली जीप उभी राहिली. १९५४पासून टप्प्याटप्प्याने एकेक भाग इथेच बनायला लागला. माझ्या जीपचा नमुना आहे सीजे-३बी. टोलेडोत तो १९५३मध्ये सुरू झाला आणि १९६८मध्ये बंद पडला. तिकडे बंद पडलेली ही गाडी मुंबईत मात्र पुढे अनेक वर्षं बनत राहिली. जपानमध्ये मित्सुबिशीनेही विलीजच्या परवान्यावर १९५३पासून जीप बनवायला घेतली आणि १९९८पर्यंत बनवली. अमेरिकेने जिला जुनी म्हणून सोडलं, तिला आशियाने असं सांभाळलं.

मराठवाड्याला या गाडीची गरज का होती, हे समजायला पावसाळ्यात परभणीच्या शिवारात एकदा पाय टाकावा लागतो. आमची जमीन काळी, चिकण, भारी. पाणी पडलं की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगणाऱ्या चिकणमातीचं प्रमाण तिच्यात फार, म्हणून तिच्यावर बांधलेला रस्ता टिकत नाही आणि घराच्या भिंतीला तडे जातात. मनमाड–सिकंदराबाद रेल्वे १९०० सालाच्या सुमारास परभणी आणि पूर्ण्यावरून गेली, निजामाच्या रेल्वेने १९३२मध्ये २७ मोटारींनिशी बससेवाही सुरू केली. पण स्टेशनपासून दहा कोसांवरचं गाव मृग ते हस्त तुटलेलंच असायचं. बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं.

स्वातंत्र्यानंतर सरकार गावापर्यंत पोचलं ते जीपमधून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास योजना सुरू झाली, गट पडले, गटाला अधिकारी आला आणि अधिकाऱ्याला जीप आली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. हिवतापाची फवारणी, प्राथमिक आरोग्य केंद्र, १९७२चा दुष्काळ आणि त्यातली खडी फोडण्याची कामं, ज्वारीची लेव्ही म्हणजे सरकारची सक्तीची धान्यवसुली, येलदरीचं धरण, जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा: यातल्या प्रत्येक कामाला जीप लागली. कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता तर जणू तिच्यासाठीच केलेला. १८ मे १९७२ला परभणीत कृषी विद्यापीठ झालं आणि नवं बियाणं घेऊन शास्त्रज्ञ शिवारात जायला लागले, तेही अशाच गाड्यांतून. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत मात्र जीप नेहमीच गोड नाही. लेव्हीची जीप दिसली की ज्वारीच्या कणग्या लपवल्या जायच्या. आणीबाणीत नसबंदीच्या दिवसांत तिचा आवाज आला की गडीमाणसं तुरीच्या पाट्यांत जाऊन बसायची, असं माझ्या आजोळी अजून सांगतात. वडील त्या दिवसांबद्दल बोलायचे नाहीत.

जीप टोचन करून परभणीला आणली. जिंतूर रोडवरच्या ज्या गॅरेजात आणली, तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. बारा वर्षांचे असताना पाने धुवायला गॅरेजात बसले ते आजपर्यंत. त्यांनी बोनेट उघडलं, खाली वाकले, आणि पहिला प्रश्न विचारला, "डिझेल नाही टाकलं हिच्यात? कसं काय राहिलं?"

हा प्रश्न बरोबर जागी लागणारा होता. १९७३च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला, पेट्रोल महागलं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पेट्रोल जीप पाळणं शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेलं. महिंद्रने स्वतः ट्रॅक्टरच्या इंजिनावरून घेतलेलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवायला सुरुवात केली. १९७९मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. जुन्या गाड्यांच्या मालकांनीही पेट्रोल इंजिन उतरवून जे मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं आणि मूळ इंजिन भंगारात किलोवर गेलं. उस्तादांनी स्वतःच्या हाताने अशी कितीतरी इंजिनं उतरवली आहेत. माझी जीप वाचली त्याचं कारण काकांनी नंतर सांगितलं: "डिझेल टाकायचं पक्कं झालं होतं. त्या साली कपाशीवर लाल्या पडला. पैसे कुठले?"

इंजिन जाम होतं. हँडल लावलं तर केसभरही हलेना. मी जोर करायला लागलो तसं उस्तादांनी हात धरला. "सर, जोर दिला तर रॉड वाकतो, पिस्टन सुटत नाही. थांबा जरा." चारही प्लग काढले. डिझेल आणि स्टेअरिंगचं लाल ऑइल निम्मं-निम्मं एकत्र करून चारही भोकांतून सोडलं, वर कापडाच्या बोळ्या लावल्या. रोज संध्याकाळी मी शाळेतून सुटलो की गॅरेजात जायचो, गाडी टॉप गिअरला टाकायचो आणि दोघं-तिघं मिळून तिला मागे-पुढे नुसती झुलवायचो. पाळण्यासारखी. ओढायची नाही, ढकलायची नाही, झुलवायची. आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी पंख्याचं पातं दोन बोटं सरकलं. उस्ताद म्हणाले, "बस. आज एवढंच. घरी जावा." त्या रात्री मला झोप लागली नाही.

हेड खोलल्यावर या इंजिनाची खरी ओळख झाली. सीजे-३बीच्या इंजिनाला हरिकेन म्हणतात. आधीच्या जीपमध्ये सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असत. हरिकेनमध्ये हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. त्यामुळे इंजिनाला हवा जास्त मिळाली, ताकद ७०च्या वर गेली, आणि इंजिनाची उंची वाढली. ती झाकायला बोनेट वर उचलावं लागलं. गोठ्यात ज्या उंच कपाळावरून मी तिला ओळखलं, त्याचं कारण हे. सिलेंडरचा बोअर ७९.४ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११.१. पिस्टनचा प्रवास त्याच्या रुंदीपेक्षा इतका लांब असला की इंजिन जोरात पळत नाही, पण मंद चालीत त्याला बैलासारखी ओढ असते. नांगरटीतून जाणाऱ्या गाडीला हीच ओढ हवी.

चौथ्या सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंजून उघडाच अडकला होता. तो निघाल्यावर लॅपिंगचं काम आलं. व्हॉल्व्हच्या कडेला पेस्ट लावायची, त्याच्या डोक्याला रबर लावलेली काडी चिकटवायची आणि ती काडी दोन तळव्यांत धरून रवी घुसळावी तशी घुसळायची. वरचे व्हॉल्व्ह टेबलावर बसून करता येतात. खालचे चार मडगार्डवरून वाकून, ब्लॉकमध्येच करावे लागतात. चर्र चर्र असा आवाज येत असतो. पेस्टचा खरखरीतपणा गेला की आवाज मऊ होतो, तेव्हा उचलून बघायचं. व्हॉल्व्हच्या कडेला सलग, न तुटलेली राखाडी रेघ उमटली पाहिजे. मी तीन संध्याकाळी एका व्हॉल्व्हवर घालवल्या आणि रेघ एका जागी तुटतच होती. उस्तादांनी तोच व्हॉल्व्ह अर्ध्या तासात बसवला. मी विचारलं, काय वेगळं केलं? त्यांनी माझे तळवे उलटून बघितले. "तुम्ही दाबून फिरवता. माल पेस्ट कापते, हात नाही कापत." व्हॉल्व्हची फट त्यांच्या तोंडपाठ होती: वरचे अठरा थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, खालचे सोळा. कंपनीच्या पुस्तकातही तेच आकडे आहेत. ते पुस्तक त्यांनी कधी पाहिलेलं नाही. ते इंग्रजीत आहे आणि उस्ताद चौथी शिकलेले. त्यांच्या उस्तादांनी त्यांना सांगितलं, त्यांना त्यांच्या उस्तादांनी. डिलकोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, पॉइंटची अर्ध्या मिलिमीटरची फट ते आगपेटीच्या पुठ्ठ्याने लावतात. मी नंतर गेज लावून तपासली. बरोबर होती.

मापांचं सांगायला हवं. जीप अमेरिकन घराण्यातली, म्हणून तिचा प्रत्येक बोल्ट इंचात आहे. आजच्या गॅरेजातले पाने मिलिमीटरचे. बाराचा पाना तिच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की डोकं गोल करून टाकतो. नव्या पोरांनी हात लावलेल्या जीपचे बोल्ट म्हणूनच असे वाटोळे झालेले दिसतात. उस्तादांच्या पेटीत वेगळे पाने होते आणि त्यांची नावंही वेगळी. इंचाचे आठ भाग केले की एकाला सूत म्हणतात. "तीन सुती दे", "साडेचार सुती कुठंय?" असं गॅरेजात चालतं. सुताराच्या, गवंड्याच्या, लोहाराच्या हातातलं हे माप टोलेडोच्या बोल्टला नेमकं बसतं.

सुट्या भागांसाठी मी तीन शहरं फिरलो. दिल्लीचं कश्मीरी गेट, मुंबईत कुर्ला, आणि जवळचं नांदेड. पिस्टन-रिंगा, गॅस्केट, क्लचप्लेट आजही मिळतात, कारण या गाडीचे भाग भारतात इतकी वर्षं बनत होते. ब्रेकने मात्र दगा दिला. एका दुकानातून नव्या खोक्यातला मास्टर सिलेंडर आणला, बसवला, पेडल घट्ट लागलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजबाहेर वळवताना पेडल थेट फळीला टेकलं आणि जीप समोरच्या बाभळीवर जाऊन थांबली. वेग नव्हता म्हणून मडगार्डच्या पत्र्यावर निभावलं. खोलून पाहिलं तर आतले रबर हलके, नकली. मग मूळचाच सिलेंडर लेथवर नेऊन आतून बुश मारून घेतला. वाचकांपैकी कुणी असं काम काढलं असेल तर ब्रेक आणि स्टेअरिंग यांत स्वस्त खोकं घेऊ नका. जुना बीडाचा भाग दुरुस्त होत असेल तर तोच भला.

सप्टेंबरच्या एका सकाळी तिला चालू करायचं ठरलं. सेल्फ अजून बसवला नव्हता, हँडलच मारायचं होतं. मी हँडल धरलं आणि माझा अंगठा आपोआप इतर बोटांच्या बाजूला गेला, मुठीभोवती वळला नाही. वडिलांनी आठव्या वर्षी शिकवलं होतं. ठिणगी लवकर पडली की इंजिन उलट फिरतं आणि हँडल माघारी झटका मारतं. अंगठा वळवून धरला असेल तर तो मोडतो, नाहीतर मनगट. वडिलांचं उजवं मनगट असंच मोडून वाकडं जुळलेलं होतं. ते सही करताना वही तिरकी धरायचे. उस्ताद डिलकोवर हात ठेवून उभे होते. एक-तीन-चार-दोन, प्लगच्या वायरी त्यांनी तिसऱ्यांदा मोजल्या. पाचव्या हँडलला ती एकदा खोकली. सहाव्याला लागली. निळा धूर सगळ्या गॅरेजात भरला. मी हँडल हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

परभणीबद्दल एक जुनी म्हण आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. बाहेरचे लोक ती आम्हाला हिणवायला वापरतात. त्या सकाळी धूर निवळल्यावर गॅरेजातल्या एका पोराने ती म्हटली आणि उस्ताद म्हणाले, "बनी ना. परभणीमेंच बनी."

आता पेट्रोलचं. २०२५पासून पंपावर मिळणारं साधं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं असतं. ते इथेनॉल काही अंशी आमच्याच गोदाकाठच्या उसाचं आहे, शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, हे मला मान्य आहे. पण १९७१च्या इंधन पंपाचा पडदा आणि नळ्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीत गंज धरतो, रबर फुगून मऊ पडतं. माझ्या गाडीचा जुना पडदा अडीच महिन्यांत गेला. मी आता इथेनॉल सोसणारे पडदे आणि नळ्या बसवल्या आहेत आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करतो.

फोर व्हीलची पारख मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर झाली. या जीपमध्ये गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या असतात. एकीने पुढची चाकं ताकदीला जोडली जातात. दुसरीने सगळा वेग खाली उतरतो. लो लावलं की इंजिन अडीच फेरे करतं तेव्हा हायमधल्या एका फेऱ्याएवढं चाक फिरतं. वडिलांचा नियम होता: डांबरी लागली की पुढची काढ. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि या गाडीत पुढच्या-मागच्यांमध्ये तो फरक सोसायला काही नसतं. चिखलात चाक थोडं घसरून तो ताण सोडतं, कोरड्या डांबरावर तो सगळा गिअरच्या दातांवर येतो. मित्राच्या शेतात वाफसा यायला अजून चार दिवस होते, कुणी ट्रॅक्टरही घालत नव्हतं. मी लो लावलं, दुसरा गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. सोळा इंची अरुंद चाकं मऊ थर कापत खालच्या घट्ट जमिनीपर्यंत गेली आणि ती चालत राहिली, बैल चालतो तशी. रुंद, फुगीर टायरची नवी गाडी जिथे वरच्या वर तरंगत घसरते, तिथे ही खाली पाय रोवते. मित्राची आई बांधावरून ओरडली, "अरे, पेरायचंय अजून, रान तुडवू नकोस!" मग बाहेर काढली.

कागदपत्रांत आठ महिने गेले, आणि हा भाग मी मुद्दाम लिहितो आहे, कारण माणसं इथेच फसतात. जुनी नोंद संगणकात उतरवताना कुठल्या तरी टेबलावर इंजिन नंबरातला ३ आठ झाला होता. तो दुरुस्त करायला इंजिनावरच्या आणि चेसीवरच्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासून छाप काढावा लागला, गाडी दाखवावी लागली. आकडे मूळचे होते म्हणूनच ते जमलं. हरयाणातल्या डबवालीच्या बाजारातून नवी-जुनी हाडं जोडून झगमगीत केलेल्या उघड्या जीप आपल्याकडे खूप येतात. त्यांत चेसी एकाची आणि कागद दुसऱ्याचा असं निघू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली कंपनीने ठरवलेली मूळ रचना बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे. रंगाचंही तसंच. जुनी जीप म्हटली की लोकांना लष्करी हिरवा रंग हवा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमाप्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कुणालाही लावता येत नाही. माझ्या जीपला दरवाजाच्या चौकटीखाली खरवडल्यावर मूळचा फिकट राखाडी रंग सापडला. तोच लावला.

जुलै २०२१पासून केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी सुरू केली आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,०००, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. मी ती घेतली नाही. त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. ही गाडी शेतात जाण्यासाठी जन्मली. म्हणून मी नेहमीचीच नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करणार आहे. हलक्या मोटारीसाठी ६०० रुपयांत होणारं हे काम १ एप्रिल २०२२पासून ५,००० रुपयांवर गेलं, पुढे वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढलं, पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हा त्यामागचा हेतू मला समजतो आणि शहराच्या हवेसाठी तो योग्यही आहे. पण वर्षाकाठी चार-पाचशे किलोमीटर चालणाऱ्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला वेगळा, मधला मार्ग असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

यापुढे अशा जीप मिळण्याची वाटही बंद झाली आहे. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी नवी होत नाही. त्या लिलावातून शेतकऱ्याकडे न जाता थेट मोडीत काढल्या जातात. म्हणजे १९८६मध्ये काकांच्या वडिलांनी जशी घेतली, तशी आता कुणाला घेता येणार नाही. जिल्ह्याच्या गोठ्यांत, वखारींत, विहिरीच्या कडेला ज्या उरल्या असतील तेवढ्याच.

उस्तादांचा मुलगा पुण्यात एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे, संगणक लावून गाडीचा दोष शोधतो. चांगलं काम आहे त्याचं. पण कार्बोरेटर त्याला खोलता येत नाही आणि उस्तादांकडे आता शिकायला कुणी बसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ वही घेऊन बसणार आहे. कुठल्या बोल्टला किती सुती पाना, कुठल्या आवाजाला काय दुखणं, कुठली फट किती थाऊ, हे सगळं त्यांच्या शब्दांत उतरवून घ्यायचं आहे. तुमच्या गावातही असा एक म्हातारा मिस्त्री असेल, त्याच्याकडे जा. आणि घरामागे जुनी जीप उभी असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिच्या चेसीवरची माती खरवडा, आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल फिरवा, तो कागद आरसी बुकात घालून ठेवा. कागद आणि चेसी जुळत असतील तर ती चालू होते.